नावाचा सौदा

आयुष्यातला माझा पहिला व्यापार, तोही न दिसणाऱ्या मालाचा! आगाशीच्या सुकेळीवरून सुचलेले एक नाव 'डॉट इन' लावून मी इंटरनेटवर नोंदवले. डोमेन म्हणतात ते हेच. ६०० रुपये गेले; शिवाय ही मालकी नव्हे, वर्षाचा भाडेपट्टा.

गिऱ्हाईक आमच्याच आळीत निघाले. केळी सोलून उन्हात वाळवणारे काका. मी ऐटीत ३००० सांगितले. ते म्हणाले, "केळी आमची, घाम आमचा, मग नाव तुझे कसे रे पोरा?"

१९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'च्या तोंडवळ्याचे 'रॅडिफ' हे डोमेन वापरायला मनाई केली, एवढे मी वाचले होते. पण सुकेळी काही कुणा एकाची खूण नव्हे. कायद्यातून मी सुटतो असे वाटले; काकांच्या नजरेतून नाही.

१००० वर सौदा ठरला. आधी पैसे घ्यायचे की आधी बदलीचा सांकेतिक शब्द द्यायचा, या घोळात मी असतानाच काकांनी दोन नोटा ओट्यावर ठेवल्या, वर सुकेळीचा पुडा. मी तिथेच मोबाईलवर नावाचे कुलूप काढून शब्द दिला.

घरी आईने पुडा उघडला. ४०० रुपये सुटल्याचे तिला सांगितले. काय विकले, ते नाही.