लेस्टरच्या गल्ल्यावर
इंग्लंडमधील लेस्टर शहरात ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एक जुने ख्रिस्ती प्रार्थनागृह होते. १९८८ पासून संगमरवराने नटलेली तीच वास्तू जिनमंदिर म्हणून ओळखली जाते. शहरात वाणसामानासाठी सुपरमार्केटमध्ये गेलेल्या प्रवाशाला गल्ल्यावर हमखास विचारले जाते, ‘कार्ड आहे का?’ टेस्कोने १९९५ मध्ये क्लबकार्ड देशभर आणले. साधारणतः एका पौंडाच्या खरेदीस एक पॉइंट, आणि दीडशे पॉइंटांवर दीड पौंडाचे व्हाउचर.

पाहुणा ‘नाही’ म्हणतो. त्याचे पॉइंट कोणाच्याच खात्यात जात नाहीत. अशा वेळी कॅशियरने स्वतःचे कार्ड लावले, तर ग्राहकाची एक पेनीही जात नाही, त्याला कळतही नाही. मात्र दुकानाने ती सवलत ग्राहकासाठी ठेवलेली असते. तिच्यावर कॅशियरचा हक्क नसतो.

ठेवलेली, पडलेली वा विसरलेली परवस्तू श्रावकाने घेऊ नये, अशी अचौर्याणुव्रताची मर्यादा समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात घालून दिली आहे. पाहुण्याने सोडलेले दहा-वीस पॉइंटही तिच्या बाहेर राहत नाहीत. पेढीवर मालकाच्या माघारी बसणाऱ्या मुनिमाची परीक्षा अशाच, कोणी न मोजणाऱ्या पैशांवर होत आली आहे.