तुकोबांच्या गाथेत नसलेला अभंग

पुणे

चि. सईस,


तुझा निरोप वाचला. मंडळाच्या आषाढीच्या कार्यक्रमात ‘आधी बीज एकले’ म्हणायचं ठरलं, म्हणून तू गाथा उघडलीस आणि तो अभंग काही सापडेना. सापडणार नाही. तो तुकोबांचा नाहीच. प्रभातच्या ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवल्यांनी तो लिहिला, चाल केशवराव भोळ्यांची. पण असा काही जमला की जाणकारसुद्धा तो गाथेत शोधत राहिले, असं सांगतात. कार्यक्रमात आठवल्यांचं नाव आवर्जून घे. तुकोबांच्या शेजारी बसून लिहिणं आणि कुणालाही सांधा न दिसणं, ही केवढी साधना आहे!

गुडघ्यामुळे हा आठवडा मी घरातच आहे आणि रोज सिनेमा चालू आहे. तुझ्या निरोपानंतर साहजिकच आधी ‘संत तुकाराम’ लावला. १९३६ सालचा, दामले-फत्तेलालांचं दिग्दर्शन. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस मूळचे संगीत नाटकात स्त्रीभूमिका करणारे. त्यांच्या तुकारामात जो मऊपणा आहे, तो मला वाटतं तिथूनच आला असावा. गाताना ते कुणाला ऐकवत नाहीत, स्वतःशी बोलल्यासारखे गातात.

पण माझं मन गौरीबाईंच्या आवलीवर, तुकोबांच्या बायकोवर, जडलंय. पोरगं आजारी, घरात खायला नाही आणि नवरा भजनात. तेव्हा ती एका हाताने पोराला ओढत, दुसऱ्या हातात पायताण घेऊन तरातरा देवळाकडे निघते, थेट पांडुरंगाला जाब विचारायला. तिच्या चालण्यात नाटकीपणाचा लवलेश नाही. विठोबाशी भांडणारी ही बाई मला चमत्कारांपेक्षा कितीतरी खरी वाटते. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात आणि ती मागे राहते, संसारासकट. त्या काळात भक्तिपटात एवढी जागा तिला द्यायची, हे दामले-फत्तेलालांचं मोठेपण.

मग ‘पिंजरा’ लावला. जगदीश खेबूडकरांची गाणी आणि राम कदमांचं संगीत आजही अंगावर येतं, पण डॉ. लागूंच्या मास्तरांचं अधःपतन फार ठासून सांगितलंय. त्या मानाने ‘सामना’ बघ. तिथेही डॉ. लागूच आणि तिथेही मास्तर, पण तेंडुलकरांची लेखणी आणि समोर निळूभाऊंचा हिंदूराव! आवाज न चढवता दहशत बसवणारा असा माणूस मराठी पडद्यावर मी दुसरा पाहिला नाही.

काल ‘कोर्ट’ पाहिला आणि रात्री बराच वेळ झोप लागली नाही. चैतन्य ताम्हाणेचा हा पहिलाच चित्रपट. २०१४ साली त्याचाही व्हेनिसलाच गौरव झाला. गटारात उतरणारा एक सफाई कामगार मरतो आणि पोलीस म्हणतात, लोकशाहिराच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली. ते गाणं आपण गायलोच नाही, असं शाहीर सांगतो, तरी खटला चालूच राहतो. तिकडे तुकोबांना गाथा इंद्रायणीत बुडवायला लावली, इकडे तारखांवर तारखा. गाणाऱ्याची भीती कुणाला वाटते, हे दोन्हीकडे सारखंच आहे.

आणि यात कुणी खलनायक नाही गं. सरकारी वकीलबाई लोकलमध्ये शेजारणीशी साडीबद्दल बोलतात, घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. गीतांजली कुलकर्णीने ते इतकं सहज केलंय की त्या आपल्याच ओळखीतल्या वाटतात, आणि त्याच बाई कोर्टात शाहिराला वर्षानुवर्षं आत ठेवा म्हणतात. कॅमेरा लांब, स्थिर. आपल्याला उठून जाता येत नाही.

तू ‘कोर्ट’ पाहा. शेवटी न्यायाधीश सहलीला जातात, तो भाग नीट पाहा आणि मग मला फोन कर. तो शेवट मला पटलाय. तुझ्या बाबाला तो लांबवलेला वाटला, आणि आमचं त्यावरून अजून चालू आहे.

तुझी,
आत्या