खाचरातलं लोखंड

खाचरातलं भाताचं रोप मुळासकट उपटून पाण्यात कितीही खळबळलं, तरी मुळांवरचा तांबूस थर जात नाही. लावणीनंतर रोपं चांगली धरली की शिवऱ्याच्या कुठल्याही पाणथळ खाचरात हे पाहायला मिळतं. भोवतीचा चिखल करडा-काळपट आणि मुळं मात्र गंजलेली. तो गंजच असतो. पाणी तुंबलं की मातीतली हवा संपते. मग काही जिवाणू ऑक्सिजनचं काम मातीतल्या फेरिक लोहाकडून करून घेतात आणि त्याचं फेरस होतं. भाताच्या रोपात मात्र पानापासून मुळापर्यंत हवेच्या पोकळ वाटा असतात. त्यातून आलेला ऑक्सिजन मुळाबाहेर झिरपतो आणि फेरसचं पुन्हा फेरिक होऊन ते तिथेच मुळावर बसतं.

खेड-शिवापूरचा टोलनाका ओलांडून साताऱ्याच्या दिशेने निघालं की शिवगंगेच्या खोऱ्यातलं शिवरे हे गाव लागतं. या पट्ट्यातल्या मुलामुलींना मी अकरावी-बारावीचं रसायनशास्त्र शिकवत आलो. दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून, आणि अकरावीला हातात जाडजूड इंग्रजी पुस्तक. तरी मुलं नेटाने पाठ करतात. ऑक्सिडेशन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावणं, रिडक्शन म्हणजे मिळवणं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण आपण पोटरीभर चिखलात उभे राहून लावणी करतो तेव्हा हीच देवाणघेवाण पायाखाली चाललेली असते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

सांगायची जागा पुस्तकात नसली तरी प्रयोगशाळेत आहे. मोहर सॉल्टचं टायट्रेशन घ्या. फिकट हिरवट स्फटिक, त्यात तेच फेरस लोह. साधं फेरस सल्फेट हवेत लवकर बिघडतं, हे टिकतं, म्हणून हे घ्यायचं. त्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालायचं. हायड्रोक्लोरिक चालत नाही, कारण परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचाच क्लोरिन करतं. ब्युरेटमध्ये जांभळं परमँगनेट. ते इतकं गडद की पातळी खालच्या वक्राला धरून वाचता येत नाही, वरच्या कडेला धरून वाचावी लागते. थेंब पडतो, रंग फ्लास्कमध्ये विरतो. पुन्हा पडतो, पुन्हा विरतो. परमँगनेटचा एक आयन पाच फेरसना फेरिक करतो. शेवटी एक थेंब असा पडतो की फिकट गुलाबी छटा टिकून राहते. वेगळा इंडिकेटर लागत नाही. त्या थेंबाआधी हात आखडता घेणं कोणत्याही नोट्समधून येत नाही. आणि दुसरं रीडिंग पहिल्याशी जुळलं नाही तर तिसरं घ्यायचं, जुळवून लिहायचं नाही. माझ्या मते बारावीच्या रसायनशास्त्राने मुलाला देण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

बोर्डाच्या परीक्षेत लेखीला 70 गुण आणि प्रात्यक्षिकाला 30. पण आईबापांचं आणि मुलांचं लक्ष लागलेलं असतं रसायनशास्त्राच्या सीईटीतल्या 50 आणि नीटमधल्या 45 प्रश्नांकडे. तिथे चार पर्यायांतला एक निवडायचा असतो, ब्युरेट कुठेच नसतं. म्हणून नाव एका कॉलेजात आणि मूल दिवसभर शहरातल्या क्लासमध्ये, अशी सोय झाली. जर्नल एकाचं पाहून दुसऱ्याने उतरवायचं, रीडिंगसकट. मी आईबापांना दोष देत नाही. एका सीटसाठी घरातली जमीन विकायची वेळ येते तेव्हा त्यांनी दुसरं काय करावं? पण जे मूल फक्त पर्याय निवडायला शिकलं, त्याच्याकडून रसायनशास्त्र हिरावून घेतलं गेलं, असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं वाईट वाटतं. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींनी केंब्रिजहून 1939 साली डॉक्टरेट मिळवली आणि पुढे मुंबईत काम केलं ते नीरेवर आणि डाळींवर, म्हणजे गरिबाच्या ताटातल्या गोष्टींवर. शास्त्राचा तोच रस्ता मला आपल्या मुलांसाठी हवा आहे.

त्या रस्त्यासाठी गावात साहित्य भरपूर आहे. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आहे, युरिया आहे. खाचरात नायट्रेटचं खत का टाकू नये? तर हवा नसलेल्या चिखलात त्याचा नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. घरोघरी मृदा आरोग्य पत्रिका आहे. तिच्यावर बारा घटक असतात. सामू, सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह. बहुतेक ठिकाणी ती सातबाऱ्याच्या पिशवीत पडून असते.

एकदा टायट्रेशन आटोपल्यावर एका मुलीने विचारलं, "सर, मग भात पिवळा पडायला लागल्यावर आम्ही खाचर फोडून पाणी काढून देतो, तेव्हा त्या फेरसचं काय होतं?" मी म्हटलं, तूच सांग. तिने फळ्यावर समीकरण मांडलं, ऑक्सिजन डावीकडे घेतला, इलेक्ट्रॉन मोजले, एकदा चुकले, पुसून पुन्हा मोजले. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, की आमच्या खाचराला भेगा पडतात ना, त्या भेगांच्या कडा तांबड्या दिसतात. दुसऱ्या दिवशी तो ढेकूळ घेऊन आला.