मागचे इंजिन

मुंबईहून कोल्हापूरला परतताना कर्जत स्टेशनात गाडी थांबली, की डब्यातली मंडळी बटाटेवड्याकडे धाव घेतात. परवा माझा दहा वर्षांचा नातू मात्र गाडीच्या शेपटाकडे धावला आणि परत येऊन मोठ्या गांभीर्याने विचारू लागला, "आजोबा, पुढे इंजिन असताना मागे आणखी इंजिने कशाला लावतात?"

"पुढे घाट आहे ना, म्हणून," मी म्हणालो. एवढ्या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही. माझे मात्र उभ्या आयुष्यात तेवढ्यावरच भागत आले होते!

मग त्याला समजावून सांगणे भाग पडले. आगगाडीचे चाक गुळगुळीत आणि रूळही गुळगुळीत. सपाटीवर हा गुण सोयीचा ठरतो. चढावर तोच आडवा येतो. चाक रुळाला धरून राहते ते इंजिनाच्या वजनामुळे. १८६३ साली बोरघाटाची वाट खुली झाली, तेव्हा तिच्यासाठी मुद्दाम घडविलेल्या वाफेच्या इंजिनांत पाण्याची टाकी बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी बसविली होती. हेतू हा, की पाण्याचे ओझेही चाकांवरच पडावे. चाके घसरू लागली, की त्यांच्यापुढे रुळांवर वाळू सोडावयाची. सदतीस फूट चालावे तेव्हा एक फूट वर जावे, असा तो चढ. १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या छोट्या गाडीला तर वीस फुटांत एक फूट चढावे लागते.

जपानातल्या उसुई घाटात चढ याहूनही खडा होता: पंधरा फुटांना एक. तेथे नुसत्या वजनाने भागेना. म्हणून १८९३ साली दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी टाकून तीत इंजिनाचे दातेरी चाक अडकविले. पहिली इंजिने जर्मनीतून आणली होती. गाडी चढू लागली, पण सव्वीस बोगद्यांतल्या धुराने माणसे गुदमरत. अखेर १९१२ साली तेथे विजेची इंजिने आली. १९६३ साली दातेरी पट्टीही गेली. मात्र उताराच्या बाजूने जोडलेल्या इंजिनांवाचून गाडीचे पाऊल पुढे पडत नसे. १९९७ साली तो मार्गच बंद झाला.

आम्हा कोल्हापूरकरांना हे शहाणपण जरा उशिराच येते. संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधलेला आमचा मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ साली सुरू झाला, तो सपाटीचा. पश्चिमेला सह्याद्री दिसत असतो, पण गाडी त्याच्या वाटेला न जाता आमच्या गावातच विसावते.

१९६६ साली याच स्टेशनातून मी कॉलेजसाठी मुंबईला निघालो. पुण्याला गाडी बदलावी लागे. रुंद रूळ कोल्हापूरपर्यंत यावयास १९७१ साल उजाडले. वडील आदल्याच वर्षी वारले होते. दादाने शाळा सोडून शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडतीवर नोकरी धरली होती. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याची मनिऑर्डर येई, खालच्या चिठोऱ्यावर एकच ओळ असे, "प्रकृतीस जपणे." मुंबईला ये म्हणून मी आग्रह केला, की तो म्हणे, "सीझन आटपू दे." गुळाचा सीझन दरवर्षी आटपे, दादा काही आला नाही. मला नोकरी लागली, तेव्हा मीच त्याला लिहिले, "आता पैसे पाठवू नकोस." आपण मोठा समजूतदारपणा केला, असे त्या वेळी मला वाटले होते.

मी हे आठवीत होतो, तोवर लोणावळा आले. नातू दारापाशी जाऊन पाहून आला. "आजोबा, मागची इंजिने सोडली! आता ती कुठे जाणार?"

"परत कर्जतला. खाली दुसरी गाडी थांबली असेल."

"आपल्याला ढकलले म्हणून त्यांना कुणी काही म्हणत नाही?"

मला उत्तर सुचले नाही. घाटभर मी धबधबे पाहत होतो. साठ वर्षे हेच करीत आलो आहे.

रात्री घरी पोहोचलो. दादा आता चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे. उंबऱ्यातच त्याने नेहमीचा प्रश्न केला, "कर्जतला किती वेळ थांबली रे गाडी?" हा प्रश्न मी आजवर नुसता एका शब्दात वारीत आलो होतो. या खेपेस पिशवी खाली ठेवली, त्याच्याजवळ बसलो आणि कर्जतपासून सारे सांगावयास लागलो.