मेणवलीच्या घाटावर बुंदी

मे महिन्यात भर दुपारी उन्हात भटकू नये, असं तुमची आजी सांगते ना? माझीही सांगायची. तरी मी गेलो! बरोबर सातवीतला भाचा होता आणि बुंदी.

बुंदी म्हणजे साडेचार महिन्यांचं गावठी कुत्र्याचं पिल्लू. पांढऱ्या अंगावर पिवळसर ठिपके, म्हणून बुंदी. तिचे दुधाचे दात पडत होते, त्यामुळे वाईच्या आमच्या ताईच्या घरात एकाही चपलेचा अंगठा शाबूत नव्हता. ताईनेच वैतागून आम्हां तिघांना घराबाहेर काढलं म्हणा ना!

वाईहून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. "मामा, रिक्षाने जाऊ," भाचा म्हणाला. "तीन किलोमीटरला कसली रे रिक्षा?" असं म्हणून मी ऐटीत चालू लागलो. सकाळचे दहा वाजले होते. बुंदी आधी पुढे पळत होती, मग बरोबरीने, मग मागे. डांबरावरून उतरून ती कडेच्या वाळक्या गवतातून चालायला लागली. मला वाटलं, वास घेत असेल. पाण्याची एकच बाटली होती, ती आम्ही दोघांनी गावात पोचायच्या आतच संपवली.

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे. पेशवाईतले मोठे मुत्सद्दी ते. 1742 साली जन्मले, 1800 साली वारले. वाड्याला एकामागून एक असे सहा चौक आहेत. भिंतींवर जुनी चित्रं आहेत. बाहेर एवढं रणरणतं ऊन, पण आत शिरताच कसं गार वाटतं! जाड भिंती आणि चौकातून खेळणारी हवा, पंखा नको की काही नको. (तुमच्या आईबाबांनी 2004 सालचा 'स्वदेस' पाहिला असेल, तर त्यांना हे गाव ओळखीचं वाटेल. त्याचं चित्रीकरण इथंच झालं.) बुंदीला आत न्यायचं नव्हतं, म्हणून एकाने तिला घेऊन दारात सावलीला बसायचं, असं आम्ही पाळीपाळीने वाडा पाहिला.

वाड्यामागे कृष्णेचा घाट. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. काठाला देवळं आणि एका छोट्या दगडी देवळीत टांगलेली भली मोठी घंटा! ही घंटा मूळची चर्चमधली बरं का. 1739 साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिकडच्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. वसईची मेरी कृष्णाकाठी! मला तर ही घंटा सगळ्या वाड्याहून जास्त आवडते.

ती जवळून बघायला आम्ही निघालो, पण बुंदी पहिल्याच पायरीवर अडून बसली. मी दोरी ओढली. ती एक पाय उचले, तो टेकवून दुसरा उचले. "हट्टी आहे नुसती," मी म्हणालो आणि आणखी ओढली. देवळीपाशी आलो, चपला काढल्या, पाऊल दगडावर ठेवलं मात्र... आई गं! मी माकडासारखा उड्या मारायला लागलो. भाचाही नाचत होता. आणि मग आम्ही दोघांनीही एकदमच बुंदीकडे पाहिलं. तिला कुठल्या चपला?

तोवर ती आडवी झाली होती. जीभ लांब बाहेर, लाळ चिकट, डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली, तर शेपटी हलली नाही. माझ्या पोटात गोळा आला. तिला उचललं आणि धावत नदी गाठली. भाच्याने ओंजळीने तिच्या पोटावर, मांड्यांत, पंजांवर पाणी घातलं. मी टोपीने वारा घालत होतो. घंटेकडे आता कोण बघतंय! मग ओंजळीतलं पाणी तिने चाटलं. थोडं, मग आणखी थोडं. बऱ्याच वेळाने शेपटीचं टोक जरासं हललं, तेव्हा भाचा चक्क रडला. मी दुसरीकडे बघत होतो, माझंही काही वेगळं नव्हतं.

झाडाखाली जरा विसावलो आणि मिळाली त्या रिक्षाने थेट वाईत जनावरांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी आधी मला फैलावर घेतलं. मग समजावलं, की आपल्यासारखा कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. थोडाफार येतो तो पंजांच्या गाद्यांना. धापा टाकून जिभेवरचं, तोंडातलं पाणी वाळवायचं, हाच त्याचा पंखा. पिल्लाला तेही नीट साधत नाही. शिवाय पाय आखूड, त्यामुळे तापल्या जमिनीची धग पोटाला लागते. पाणी घालून वारा दिलात ते बरं केलंत, म्हणाले. ओला टॉवेल नुसता गुंडाळून ठेवला असता, तर तो तापून उलट ऊब धरून बसला असता. आणि निघायच्या आधी हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवायची. पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्याला त्यावर चालवायचं नाही. हे इतकं सोपं होतं!

पुढच्या दोन पंजांना फोड आले होते. तीन दिवस बुंदी कोपऱ्यात बसून पंजे चाटत होती. ताई माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

चौथ्या दिवशी सकाळी माझ्या नव्या चपलेचा अंगठा गायब! ताई बुंदीवर ओरडली. भाच्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे, आणि आम्ही दोघांनी एकदम हुश्श केलं.