लेकीचा कॅमेरा आणि घरचा हिशेब

मी शिवणकाम करणारी बाई. तीस वर्षे ब्लाउज, फ्रॉक आणि शाळेचे गणवेश शिवले. कॅमेऱ्यातले मला काही कळेल असे घरात कोणाला वाटत नव्हते, मलाही नव्हते. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात एक प्रश्न उभा राहिला आणि तो सुटेपर्यंत मला बरेच शिकावे लागले. आपल्या वस्त्यांतली अनेक मुले-मुली आज शूटिंगच्या धंद्यात उतरत आहेत. त्यांच्या आई-वडिलांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

माझी थोरली मुलगी चार वर्षे एका स्टुडिओवाल्याच्या हाताखाली लग्नांचे व्हिडिओ काढत होती. कॅमेरा त्याचा, राबणे हिचे. रात्री दोन-दोन वाजता घरी यायची. एक दिवस जेवताना म्हणाली, "आई, आता स्वतःचा कॅमेरा घ्यायचा म्हणते." ह्यांना कंपनीतून निवृत्तीचे पैसे नुकतेच मिळाले होते. त्या पैशांवर धाकट्याचे शिक्षण होते, घराचे गळके पत्रे होते आणि आमचे म्हातारपणही होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि गप्प बसलो.

रविवारी तिघे दुकानात गेलो. दुकानदाराने कागदावर हिशेब लिहून दिला. फुलफ्रेम कॅमेरा आणि त्याची एक चांगली लेन्स मिळून तीन लाखांच्या घरात. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा लेन्ससकट एक लाखाच्या आसपास. वर म्हणाला, "व्हिडिओचाच धंदा करायचा तर फुलफ्रेम घ्या. क्रॉप म्हणजे अर्धवट काम. फुलफ्रेमला हप्ते पाडून देतो." मुलगी काही बोलली नाही. पण 'अर्धवट' हा शब्द तिला लागला, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसले.

घरी आल्यावर मी तिला विचारले, "अगं, यात कापलेले असते तरी काय?" तिने माझा कटिंगचा खाकी कागद घेतला, माझीच टेप घेतली आणि दोन चौकोन काढले. कॅमेऱ्याच्या आत फिल्मच्या जागी आता सेन्सर असतो. लेन्समधून आलेले चित्र त्याच्यावर पडते. फुलफ्रेमचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच. क्रॉपचा साधारण २३.५ बाय १५.६, कॅननचा त्याहून किंचित लहान. लेन्स तीच ठेवली तर लहान सेन्सरवर चित्राचा मधलाच भाग येतो. म्हणून ५० मिलिमीटरची लेन्स क्रॉपवर लावली की ७५ च्या लेन्सइतके जवळचे दिसते. एवढेच ते कापणे. कापडाचा पन्हा कमी असेल तर आपण बेतही त्याप्रमाणे बदलतो. तशी क्रॉपवर जास्त रुंद लेन्स लावायची, म्हणजे खोली पुन्हा पूर्ण दिसते.

मग तिने एक गोष्ट सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटली. हे ३६ बाय २४ चे माप सिनेमाचे नाहीच. ३५ मिलिमीटरची फिल्म मुळात सिनेमासाठी होती. सिनेमाच्या कॅमेऱ्यात ती उभी सरकते आणि तिच्यावरची चौकट जास्तीत जास्त साधारण २५ बाय १९ मिलिमीटरची असते. जर्मनीच्या ऑस्कर बार्नाक यांनी तीच फिल्म आडवी धरून दुप्पट मोठी चौकट घेणारा छोटा फोटो कॅमेरा बनवला. तो 'लायका' या नावाने १९२५ साली बाजारात आला. फोटोवाल्यांचे ते माप रूढ झाले आणि पुढे डिजिटल कॅमेऱ्यांच्या काळात त्यालाच 'फुल' म्हणजे पूर्ण म्हणू लागले. सिनेमाच्या फिल्मची चौकट रुंदीला क्रॉप सेन्सरच्या जवळपास. आपण थिएटरात पाहिलेले कितीतरी चित्रपट असल्याच मापावर निघाले. त्यांना कोणी अर्धवट म्हटले नाही. ज्याने माप धरले त्यानेच दुसऱ्याला नावही ठेवले.

मी लगेच म्हणाले, "झाले तर मग, क्रॉपच घे." पण ती प्रामाणिक पोरगी. म्हणाली, "आई, फुलफ्रेममध्ये काहीच नाही असेही नाही. त्याचा सेन्सर क्षेत्रफळाने सव्वादोन पटीहून मोठा आहे. अंधारात त्याला जास्त उजेड मिळतो. क्रॉपच्या चित्रात रात्री लवकर दाणे दिसतात." म्हणजे हे पाहून ठरवायला हवे होते.

तिने दोन्ही कॅमेरे एका दिवसाच्या भाड्याने आणले. त्या संध्याकाळी आमच्याच गल्लीत हळद होती. नवरीच्या घरच्यांना विचारून तिने दोन्हींवर शूटिंग केले. दोन्हींना एफ १.८ ची, म्हणजे तोंड खूप उघडणारी लेन्स होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायका बोलावून आमच्या टीव्हीवर सगळे लावले. कोणते चित्र कोणत्या कॅमेऱ्याचे, हे सांगितले नाही.

उजेडातले कोणालाच ओळखता आले नाही. संध्याकाळचे एक चित्र मात्र सगळ्यांना आवडले. नवरी अगदी रेखीव आणि मागचे दिवे लोण्यासारखे विरघळलेले. ते फुलफ्रेमचे निघाले. तेवढ्यात नवरीची आई म्हणाली, "आमची म्हातारी कुठे दिसते यात?" नवरीच्या शेजारी किंचित मागे तिची आजी बसली होती. ती सगळी पुसट झाली होती. क्रॉपच्या चित्रात तीच आजी, हाताला हळद लागलेली, हसताना ओळखू येत होती.

मुलीने मला नंतर समजावले. तोंड तेवढेच उघडे ठेवून तेवढेच दृश्य घेतले, तर मोठ्या सेन्सरवर फोकस पातळ होतो. एक चेहरा स्पष्ट, शेजारचा पुसट. आजीलाही स्पष्ट करायचे तर फुलफ्रेमवर लेन्स एफ २.८ च्या आसपास बंद करावी लागते. मग उजेड कमी येतो, तो भरून काढायला कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवावी लागते आणि दाणे जवळपास क्रॉपइतकेच होतात. म्हणजे माणसांची रांग स्पष्ट हवी असेल तेव्हा फुलफ्रेमचा उजेडाचा फायदा बराचसा हातातून जातो. आणि आपल्या लग्नांत एकटी नवरी कुठे असते? मावश्या, आत्या, आजी सगळ्या एका चौकटीत.

आणखी एक गोष्ट दुकानदाराने सांगितली नव्हती. काही फुलफ्रेम कॅमेरे व्हिडिओच्या वेळी सेन्सरचा मधलाच भाग वापरतात. २०१८ चा कॅनन ईओएस आर फोर-के व्हिडिओ असाच कापून काढतो. २०२१ चा सोनी ए सेव्हन फोर सेकंदाला ६० चित्रे घेणाऱ्या फोर-केसाठी क्रॉपवर येतो. लग्नातला स्लो मोशन त्यातूनच करतात. म्हणजे पैसे फुलचे मोजायचे आणि चित्र क्रॉपचे घ्यायचे! सगळे फुलफ्रेम कॅमेरे असे नाहीत, पण विचारल्याशिवाय कळत नाही.

शेवटी क्रॉपचा कॅमेरा घेतला. वाचलेल्या पैशांतून एक रुंद आणि एक मोठ्या तोंडाची अशा दोन लेन्सेस, चांगला माइक, दोन जादा बॅटऱ्या आणि एक छोटा एलईडी दिवा. निम्मे पैसे तिच्या साठवणीतले, निम्मे ह्यांचे. हप्ता एकही नाही.

सगळे गोडच झाले असे नाही. पहिल्याच महिन्यात एक मोठी ऑर्डर गेली. पार्टीने फोनवर विचारले, "फुलफ्रेम आहे का?" हिने खरे सांगितले. त्या रात्री ती न बोलता जेवली आणि मलाही वाटले, आपण काटकसरीपायी पोरीचे नुकसान तर नाही केले? १४ एप्रिलच्या रात्रीच्या मिरवणुकीसाठी तिने फुलफ्रेम भाड्याने आणला. लांबून घेतलेल्या गर्दीत फोकस पातळ व्हायची भीती नव्हती, आणि अंधारातले झेंडे, चेहरे स्वच्छ आले. तिथे तोच सरस, हे मी मान्य केले. पण असे काम वर्षातून किती वेळा? तेवढ्यापुरते भाडे परवडते.

त्याच पावसाळ्यात हळदीतली ती आजी वारली. तिचे हलतेबोलते चित्र घरात दुसरे नव्हते. नवरीचे वडील आमच्या दारात आले. मुलीने ती क्रॉपची दीड मिनिटाची क्लिप त्यांच्या मोबाइलवर दिली. ते दारातच उभे राहून पाहत होते. कॅमेरा कोणता, हे त्यांनी विचारले नाही.

माझे सांगणे एवढेच. मुले कॅमेरा मागतील तेव्हा 'आपल्याला काय कळते' म्हणून बाजूला होऊ नका. दुकानात तीन गोष्टी विचारा. फोर-के काढताना सेन्सर पूर्ण वापरला जातो का? लेन्सेस, माइक, बॅटऱ्या धरून पूर्ण खर्च किती? मे महिन्याच्या उकाड्यात सलग किती वेळ चालतो? पुढे फुलफ्रेम घ्यायचा विचार असेल तर हेही लक्षात ठेवा: त्याच कंपनीच्या त्याच जोडणीच्या फुलफ्रेम लेन्सेस क्रॉपवर चालतात, पण क्रॉपच्या लेन्सेस फुलफ्रेमवर लावल्या तर चित्र पुन्हा कापूनच मिळते. आणि घेण्याआधी एक दिवस भाड्याने आणून आपल्याच गल्लीत, आपल्याच माणसांवर चालवून पाहा.

माझ्या मुलीने आता ह्यांच्या पासबुकात निम्मी रक्कम परत भरली आहे. उरलेली फिटली की ती स्वतःच्या कमाईने फुलफ्रेम घेणार म्हणते. घेऊ दे. तेव्हा दुकानात बोलायला तिला माझी गरज पडणार नाही.