शून्यावर तीन गडी

लोहाऱ्यासारख्या गांवीं बसून, आणि तेंही केस पांढरे झाल्यावर, आम्ही क्रिकेटविषयीं लिहावयास घेतलें याचें आमच्या घरच्या मंडळींस मोठें नवल वाटत आहे. तें साहजिकच आहे. तीस-पस्तीस वर्षें या खेळाचा द्वेष्टा अशीच आमची ख्याति होती. वर्गाच्या खिडकींतून आंत आलेला चेंडू आम्हीं कधीं परत दिला नाहीं. शाळेंतील आमच्या कपाटाचा खालचा खण असल्या चेंडूंनीं भरलेला असे.

परंतु २०२५ सालच्या दिवाळीच्या तोंडावर प्रसंगच तसा आला. त्या सप्टेंबरांत पावसानें धाराशिव जिल्ह्याची जी दैना केली ती वाचकांस ठाऊकच असेल. ओढ्याकांठच्या आमच्या शेतांतलें सोयाबीन काढणीस आलें होतें. तें पाण्यांत उभें राहिलें आणि शेंगेंतल्या शेंगेंत त्यास मोड फुटले. शेती पाहतात ते आमचे धाकटे बंधु. पाणी ओसरल्यावर ते एकदां बांधावर जाऊन आले आणि तेव्हांपासून घरांत कोणाशीं धड बोलेनात. अशांत त्यांचा मुलगा एके रात्रीं म्हणाला, "बाबा, ओढ्याचें शेत विकून टाकूं या. मी पुण्यास नोकरी पाहतों." झालें! बापलेकांत जो अबोला पडला तो दसरा उलटला तरी सुटेना. एका पंक्तीस बसावें आणि "त्याला भात हवा का विचारा" असें वाढणारीच्या तोंडून बोलावें, असा प्रकार सुरू झाला. वडीलकीच्या नात्यानें आम्हीं मध्यें पडावें अशी सर्वांची अपेक्षा होती. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांस उपदेश केला, पण येथें तोंड उघडेना.

१५ ऑक्टोबरच्या सकाळीं पुतण्या ओसरीवर मोबाइल घेऊन बसला होता. रणजी करंडकाच्या हंगामांतला महाराष्ट्राचा पहिलाच सामना तिरुवनंतपुरम् येथें केरळाशीं सुरू झाला होता. आणि केरळ म्हणजे आदल्या हंगामांतला उपविजेता. कांहींतरी बोलावें म्हणून आम्हीं विचारलें, "किती झाल्या रे?"

"मोठे काका, शून्यावर तीन."

आम्हांस वाटलें, पोरगा थट्टा करतो आहे. पण खरोखरच पृथ्वी शॉ, अर्शिन कुलकर्णी आणि सिद्धेश वीर हे तिघेही भोपळा न फोडतां परतले होते. मागोमाग कर्णधार अंकित बावणे हेही शून्यावरच गेले. पांचावर चार! अठरावर पांच!

ओसरीच्या दुसऱ्या टोकास बंधु सुपारी कातरीत बसले होते. अडकित्ता थांबला. "आतां उरलें कोण?" प्रश्न कोणासही उद्देशून नव्हता, परंतु उत्तर पुतण्यानें दिलें. "ऋतुराज गायकवाड आहे. आणि जलज सक्सेना. तो गेल्या हंगामापर्यंत केरळाकडूनच खेळत होता." बंधूंनीं नुसतें "हूं" केलें, पण चौरंग मात्र दोन हात अलीकडे ओढून घेतला.

पुढें त्या दोघांनीं सहाव्या गड्यासाठीं १२२ धावा जोडिल्या. सक्सेना यांनीं ४९ धावांस १०६ चेंडू घेतले. पुतण्या आंकडे मोठ्यानें वाची आणि आम्ही दोघे भाऊ ऐकूं. मध्येंच बंधु आमच्याकडे न पाहतांच म्हणाले, "अण्णा, माझी बॅट तुम्हीं बंबांत घातली होतीत."

आम्ही तें विसरलों होतों असें लिहिलें तर तें असत्य होईल. आम्ही त्या वेळीं नुकतेच शिक्षक झालों होतों आणि हे बारा वर्षांचे होते. गांवच्या सुतारानें जुन्या दाराची फळी तासून ती बॅट करून दिली होती. रूपें पाठ नाहींत म्हणून आम्हीं तीवर आंघोळीचें पाणी तापविलें. पंचेचाळीस वर्षांत त्यांनीं त्याचा एका शब्दानें उल्लेख केला नव्हता. "चुकलें आमचें," आम्ही म्हणालों. पुतण्या मोबाइलवरून मान वर काढून कधीं बापाकडे तर कधीं आमच्याकडे पाहूं लागला. आपला बाप कधीं काळीं खेळत होता, हें त्या पोरास ठाऊकच नव्हतें!

विद्या आणि क्रिकेट यांचें वैर आहे, असें आम्ही वर्गांत नेहमीं सांगत असूं. १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें ज्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें हाच करंडक जिंकिला, ते प्रो. दि. ब. देवधर पुण्यास महाविद्यालयांत संस्कृतच शिकवीत, हें आम्हांस फार उशिरां कळलें. अर्थात् तेव्हां आमचा मुलूख निजामाच्या राज्यांत, म्हणजे त्या विजयावर आमचा हक्क थोडाच! आतां मात्र आमच्या जिल्ह्याच्या तुळजापूरचे राजवर्धन हंगरगेकर २०२२ सालीं एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघांत होते, हें पुतण्यानें आम्हांस अभिमानानें सांगितलें.

गायकवाड ९१ धावांवर बाद झाले तेव्हां आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरांतून "अगंबाई, नऊच राहिल्या होत्या!" म्हणून हळहळल्या, म्हणजे कान तिकडचेही इकडेच होते. महाराष्ट्राच्या २३९ झाल्या. वसुबारसेच्या दिवशीं केरळाचा डाव २१९ वर आटोपला. सामना अनिर्णित राहिला तरी पहिल्या डावांत ज्याची आघाडी त्यास तीन गुण आणि दुसऱ्यास एक, हा नियम आम्हांस बंधूंनींच समजावून दिला. वीस धावांची ती आघाडी, पण घरांत पेढे वाटण्याचीच काय ती बाकी होती. दुसऱ्या डावांत पृथ्वी शॉ यांनीं ७५ धावा काढिल्या, आणि दोन गडी बाद २२४ अशा स्थितींत धनत्रयोदशीस सामना अनिर्णित संपला.

त्या सायंकाळीं बापलेक ओढ्याकडे गेले होते. परत आले तेव्हां दोघांच्याही पायांस गुडघ्यापर्यंत चिखल होता. विक्रीचें काय ठरलें, हें आम्हीं विचारलें नाहीं. हातपाय धुतां धुतां बंधु म्हणाले, "वरच्या अंगास वाफसा येऊं लागला आहे. पुढचा सामना कधीं रे?"

"२५ तारखेस. चंडीगडशीं."

"मग त्याच्या आधीं तेवढ्यांत हरभरा पेरून घेऊं. पुण्याचें मागून बघ."